हॉर्नचं वाद्य करायचं असेल तर? (गाडीवरच्या अव्यवहार्य कल्पना आणि मैफली)

भोंगाप्रेमी
ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात नितीन गडकरींनी गाड्यांच्या हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी असे आवाज यावेत अशी कल्पना मांडली होती. एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा बोलले, तेव्हापासून डोक्यात एक उलटा किडा वळवळतोय. हॉर्नमधून वाद्य कशाला वाजवायचं? हॉर्न हेच वाद्य का करू नये?

चित्र असं: सोसायटीचं बंदिस्त पटांगण, सहा गाड्या उभ्या, प्रत्येकीच्या हॉर्नला एकेक स्वर लावलेला, आणि सहा जण मिळून एक गत वाजवतायत. रस्त्यावर काही नाही, इंजिनं बंद.

साध्या गाडीचा हॉर्न सुरात लावता येतो का? येत नसेल तर कशाचा येतो? आणि याच जातीच्या, कामाच्या नसलेल्या पण मनाला भुरळ घालणाऱ्या गाडीच्या ॲक्सेसरीज किंवा मैफलीच्या कल्पना असतील तर त्याही टाका. अट एकच, नुसतं ‘मस्त आयडिया’ नको. भाग, मापं आणि काय बिघडेल ते लिहा.

रिले८७
आधी कायदा, मग वायरिंग. केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ नुसार एकामागून एक वेगवेगळे सूर देणारा हॉर्न गाडीला बसवता येत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन वगैरेंना सूट आहे. तुमच्या योजनेत एका गाडीला एकच सूर, त्यामुळे या नियमातून सुटाल. पण कलम १९४एफ खाली विनाकारण हॉर्नला पहिल्या वेळी १००० आणि पुढे २००० रुपये दंड आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न बंदच. दिवसाची निवासी मर्यादा ५५ डेसिबल, आणि गाडीचा हॉर्न सात मीटरवर ९३ डेसिबलच्या वर असतो. म्हणजे सोसायटीचं पटांगण बाद. वस्तीपासून लांबचं खाजगी मैदान हवं.

तिरकिट
अहो, धागा सुरू व्हायच्या आत जप्ती आणलीत 😄

रिले८७
जप्ती नाही, जागा बदलली फक्त. आता वायरिंग.

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवरचं बटण हॉर्न रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या उणे बाजूची जोडणी देतं. म्हणून स्टिअरिंगला हातही न लावता रिलेबॉक्सपाशी ८५ नंबरच्या टोकावरून एक बारीक वायर काढायची आणि दाबाचं बटण लावून तिला बॉडी अर्थ द्यायचा. आधी मल्टिमीटरने खात्री करा, काही गाड्यांत ८५ आणि ८६ उलट असतात. स्टिअरिंगचं झाकण कोणीही उघडू नका, आत एअरबॅग आहे. नव्या गाड्यांत हॉर्न बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून चालतो, तिथे ही वायर काढू नका. वॉरंटी जाईल आणि मॉड्यूल बिघडलं तर महागात पडेल.

त्यापेक्षा सुटे हॉर्न आणून एका फळीवर बसवणं सोपं. १२ व्होल्टचा हॉर्न साधारण ३ ते ५ ॲम्पिअर ओढतो. सहा एकदम वाजले तर १८ ते ३० ॲम्पिअर. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर हे जमणार नाही, तो फ्यूज १०-१५ चाच असतो. थेट बॅटरीवरून ६ चौरस मिमीची वायर आणि टर्मिनलपासून वीतभर अंतरावर ४० चा फ्यूज. प्रत्येक हॉर्नला स्वतंत्र रिले. आर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाने) वाजवणार असाल तर प्रत्येक हॉर्नवर उलटा डायोड लावाच. हॉर्नच्या आत घंटीसारखा उघडझाप करणारा संपर्क असतो, त्याचे व्होल्टेजचे झटके मागे येतात आणि आर्डुइनो मधेच रीसेट होतो. गत चालू असताना सम हुकली की समजा डायोड राहिला.

काळी_चार
वायरिंग कितीही चोख केलंत तरी हा हॉर्न सुरात येणार नाही. चपट्या डिस्क हॉर्नचा मूळ सूर ४०० हर्ट्झच्या आसपास असतो, पण पुढच्या तबकडीमुळे २००० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात मोठा गोंगाट तयार होतो. कानाला तोच ठसतो, स्वर पकडता येत नाही. मागचा स्क्रू बघून लोकांना वाटतं, हा फिरवला की सूर चढेल. तो संपर्काचं अंतर बदलतो. अर्धा फेरा इकडे तिकडे झाला तर हॉर्न घोगरा होतो किंवा बंद पडतो. शंखासारख्या वळणाच्या हॉर्नमध्ये स्वर नळीच्या लांबीवर ठरतो, तो ऐकायला बरा, पण मिळतो फक्त ‘हाय’ आणि ‘लो’ अशा जोडीत. सहा स्वर कुठून आणणार?

तुम्हाला हवाय तो रबरी फुग्याचा भोंपू. जुन्या रिक्षांना असायचा तो. त्याच्या गळ्यात पितळी जीभ असते, आणि जी जीभ आहे ती पेटीसारखी लावता येते.

भोंगाप्रेमी
@काळी_चार, हेच हवं होतं. लावायची कशी ते सविस्तर लिहाल का?

काळी_चार
लिहितो.

आधी स्वर ठरवा. सहा भोंपू म्हणजे पाच स्वरांचा राग आणि वरचा सा. पांढरी एक (पेटीवरची सी) धरली तर भूप रागासाठी: सा २६१.६, रे २९४.३, ग ३२७, प ३९२.४, ध ४३६, तार सा ५२३.२ हर्ट्झ. हे शुद्ध गुणोत्तरातले आकडे आहेत. ट्यूनरच्या ॲपमध्ये ग आणि ध सुमारे १४-१६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली दिसतील, ते तसेच राहू द्या. एकत्र वाजले की गोड लागतील.

भोंपू घेताना तीन मोठे, तीन लहान घ्या. मोठ्याचा स्वर खाली असतो. दुकानातच वाजवून जो ज्या स्वराच्या जवळ आहे तो त्या कामाला घ्या. दीड-दोन स्वरांपेक्षा जास्त सरकवायला जाल तर जीभ मरेल.

फुगा काढा, गळ्यातली नळी आटे फिरवून वेगळी करा. जिभेखाली दाढीच्या पात्यासारखा पातळ पत्रा सरकवा, म्हणजे ती वाकणार नाही. बारीक कानसेने टोकाकडे दोन-तीन हलके हात दिले की सूर चढतो. मुळाशी, म्हणजे जिथे जीभ बसवलेली आहे तिथे घासलं की उतरतो. घासलेलं धातू परत येत नाही, म्हणून दर दोन हातांनी जोडून, फुगा लावून ऐका. तोंडाने फुंकून सूर पाहू नका: फुंकेचा दाब वेगळा आणि ओल जिभेवर बसते. कानस लावल्यावर जीभ गरम असते, मिनिटभर थांबून मगच ट्यूनर बघा. सूर जिथे हवा त्याच्या जरा अलीकडे थांबा, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा हात द्या.

अडचणीची गोष्ट म्हणजे दाब. फुगा जोरात दाबला की सूर चढा लागतो, हवा संपत आली की खाली घसरतो. प्रत्येक वाजवणाऱ्याने ठरावीक दाबाचा सराव करायलाच हवा.

तिरकिट
शेवटी सूर घसरतो ती फुकटची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) धरा की.

काळी_चार
मींड जिकडे हवी तिकडे जाते, ही नेहमी खालीच जाते. भूपाला त्यामुळे त्रासच होईल. त्याचा जीवच मींडेत आहे, आणि नुसते खडे स्वर एकामागून एक टाकले तर तो देसकार राग वाटायला वेळ लागत नाही, स्वर तेच आहेत ना. भोंप्यांसाठी हंसध्वनी घ्या. सा रे ग प नि. धैवताचा भोंपू ४३६ ऐवजी निषादाला, ४९०.५ हर्ट्झवर लावायचा, बाकी पाच तेच. खड्या, तुटक स्वरांत तो उठून दिसतो आणि द्रुत लयीत रंगतो.

नळी_आणि_झडप
द्रुत लय म्हणताय, पण फुगा परत भरायला वेळ लागतो त्याचं काय? दाबून सोडल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत तो पुरता भरत नाही. ‘ग ग रे सा’ मधला दुसरा ग हवेविनाच जाईल. तीच हवा जिभेवरून आत ओढली जाते म्हणून काही भोंपू भरताना कण्हतातही.

पर्याय दोन. सारखा येणाऱ्या स्वराचे दोन भोंपू ठेवा, एक डाव्या हाताला एक उजव्या. किंवा फुगे काढून टाका आणि सगळ्या नळ्यांना एकच हवा द्या. त्यासाठी टायरमध्ये हवा भरायचा पोर्टेबल कॉम्प्रेसर आणू नका. त्याचा दाब प्रचंड आणि हवा थोडी, आपल्याला बरोबर उलटं हवंय. हवेची गादी फुगवायचा १२ व्होल्टचा पंप घ्या, तो भरपूर हवा कमी दाबाने देतो. पंपापुढे एक पेटी करा: प्लायवूडची चौकट, वर रेक्झिनचा भाता, भात्यावर वजन. वजन हलवून दाब कमी-जास्त होतो आणि तो सगळ्या भोंप्यांना सारखा मिळतो. मग सूर घसरणं संपलं. प्रत्येक नळीच्या तोंडावर स्पंज आणि चामडं लावलेली लाकडी पट्टी, स्प्रिंगने दाबून धरलेली. हवा गळली की एखादा भोंपू आपोआप कुजबुजत राहतो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, गळती नेमकी सापडते.

पंपाची घरघर मात्र ऐकू येईल. पाच मीटर पाइप लावून पंप डिकीत ठेवा.

काळी_चार
भाता लावलात तर जिभा पुन्हा त्याच दाबावर लावाव्या लागतील. फुग्यावर लावलेला सूर तिथे जुळणार नाही. आधी हवेचं ठरवा, मग कानस हातात घ्या.

सातासमुद्रापार
ही कल्पना वाटते तितकी अचाट नाही. जॉर्ज गर्शविनच्या १९२८ च्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ मध्ये पॅरिसच्या टॅक्सीचे चार भोंपू वाद्यवृंदात आहेत. लेखी प्रतीत त्यांच्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं आहेत. वर्षानुवर्षं वाद्यवृंद ती स्वरांची नावं समजून त्या स्वरांचे भोंपू वाजवत आले. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं की ती नुसती ‘पहिला, दुसरा, तिसरा’ अशी ओळख असू शकते, कारण १९२९ च्या ध्वनिमुद्रणात सूर वेगळेच ऐकू येतात. म्हणून इथल्यांनी भोंप्यांवर नंबर टाकू नयेत. तेलरंगाने सरळ सा, रे, ग लिहा.

ड्यॉर्ज लिगेतीच्या ‘ल ग्रां माकाब्र’ या ऑपेराची सुरुवातच बारा भोंप्यांनी होते, आणि वादक हातांबरोबर पायांनीही फुगे दाबतात. सहा गाड्यांना सहा माणसं कशाला? दोन पुरतील.

भोंगाप्रेमी
पण मग गाड्या कशाला उरल्या? मला सहा गाड्या हव्यातच, प्रत्येकीच्या आरशाजवळ एक भोंपू.

अंतरमोजणी
मग गाड्या कशा लावता त्यावर सगळं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. सहा गाड्या ओळीत दहा-दहा मीटरवर लावल्या तर टोकाच्या दोघांत ५० मीटर, म्हणजे ०.१४ सेकंद. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. अर्ध्याहून जास्त मात्रा हवेतच गेली. एकमेकांचं ऐकून वाजवायला गेलात तर प्रत्येक जण थोडा थोडा मागे पडेल आणि लय मंदावत जाईल.

गाड्या अर्धवर्तुळात लावा, तोंडं आत, श्रोते मध्यबिंदूपाशी. सगळे श्रोत्यांपासून सारख्या अंतरावर आले की उशीरही सगळ्यांचा सारखाच. लय कानाने धरायची नाही, डोळ्याने: मध्ये एक जण हातात झेंडा घेऊन मात्रा दाखवेल. १९२२ मध्ये बाकूत कारखान्यांचे भोंगे आणि जहाजांच्या शिट्ट्या घेऊन भव्य प्रयोग झाला होता, तिथेही संचालन उंचावरून झेंड्यांनीच केलं होतं. त्रिज्या १२ मीटरपेक्षा वाढवू नका.

नवी_चाकं
हाय, मी नवीन आहे. प्रश्न वेगळा आहे, गाणारा रस्ता करता येईल का? टायर वरून गेला की रस्ताच धून वाजवतो तसा?

अंतरमोजणी
येतो, जगात अनेक ठिकाणी आहे. डेन्मार्कमध्ये १९९५ मध्ये असा प्रयोग झाला. गणित सोपं: खाचांमधलं अंतर = वेग ÷ कंप्रता. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. मध्य सा २६१.६ साठी खाचा ६.३७ सेंमीवर, तार सा साठी ३.१९ सेंमीवर. अर्धा सेकंद टिकणाऱ्या स्वराला ८.३ मीटर रस्ता लागतो, म्हणजे आठ स्वरांची ओळ ६७ मीटरची.

अंतर मोजायचं ते एका खाचेच्या सुरुवातीपासून पुढच्या खाचेच्या सुरुवातीपर्यंत. कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरला २००८ मध्ये एका कारच्या जाहिरातीसाठी असा रस्ता केला, तो बेसूर निघाला. खाचेची स्वतःची रुंदी मोजणीत धरायची राहिली असावी, हे त्याचं पटण्यासारखं कारण सांगितलं जातं. रुंदी सगळीकडे सारखी आणि मधलं अंतर वेगवेगळं, त्यामुळे उंच स्वर जास्त उतरले आणि खालचे कमी. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे तो बुजवून दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा केला, तिथेही सूर तसाच राहिला.

तिरकिट
आणि कोणी ६० ऐवजी ४० ने गेलं की बेसूर?

अंतरमोजणी
नाही, हीच तर त्यातली सुंदर गोष्ट. सगळे स्वर एकाच प्रमाणात उतरतात, स्वरांतलं नातं तसंच राहतं. ४० ने धून खाली आणि सावकाश, ३० ने बरोबर एक सप्तक खाली. वेग मधेच बदलला तरच बेसूर. आपल्याकडची मोठी अडचण पावसाळा आहे. खाचांत पाणी आणि गाळ साचला की आवाज जातो.

डिकीतला_ताशा
भोंप्यांना ठेका कोण देणार? वायपरच्या मोटरवर चालणारी डफली. भंगारात मोटर सहज मिळते, १२ व्होल्ट, दोन वेग, आत वर्म गिअर असल्यामुळे जोर भरपूर. दांड्यावर लाकडी चकती, चकतीवर ४५ अंशांवर आठ खुंट्या म्हणजे केरव्याच्या आठ मात्रा. खुंटी काठीचं मागचं टोक दाबते, सुटली की स्प्रिंग काठीला डफलीवर आपटते. नको त्या मात्रेची खुंटी काढून टाकायची.

रिले८७
वायपरची मोटर सावकाश वेगातही मिनिटाला ४५ च्या आसपास फेरे घेते. एका फेऱ्यात आठ मात्रा म्हणजे मिनिटाला ३६०. काठी परत यायच्या आत पुढची खुंटी आलेली असेल. व्होल्टेज कमी करून वेग उतरवलात तर जोर जातो आणि खुंटीवर अडकते. १५ फेऱ्यांची गिअर मोटर घ्या, मिनिटाला १२० मात्रा मिळतील. अंतरमोजणींच्या २४० साठी ३० फेऱ्यांची. वायपरचीच हवी असेल तर चकतीवर दोनच खुंट्या ठेवून नुसती टाळी द्या. मोटरचं पार्किंगचं टोक (वायपर ठरावीक जागी आणून थांबवणारं) मोकळं सोडून चिकटपट्टीने झाका.

डिकीतला_ताशा
बरोबर आहे, फेऱ्यांचा हिशोब माझ्याकडून सुटला होता. ३० वाली.

फुलदाणी
धाग्यात सगळं मैफलीचंच चाललंय, ॲक्सेसरीजकडे येऊ का? फोक्सवॅगन बीटलमध्ये डॅशबोर्डला फुलदाणी लावायची हौस होती, आणि १९९८ च्या न्यू बीटलमध्ये तर ती कंपनीकडूनच यायची. आपल्या गाड्यांत ओंजळभर मोगऱ्याची फुलदाणी लावायला काय हरकत आहे? मातीची नको, पातळ प्लॅस्टिकची परीक्षानळी, पाण्याऐवजी ओला स्पंज, म्हणजे ब्रेक मारल्यावर सांडणार नाही. एसीच्या झोतासमोर लावलीत तर फूल लवकर सुकतं, झोताच्या बाजूला लावा.

आणि डाव्या सीटसमोर ‘एअरबॅग’ लिहिलेल्या झाकणावर काहीही चिकटवू नका, मूर्तीसुद्धा नाही. ते झाकण डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतं आणि त्यावरची वस्तू समोरच्याच्या तोंडावर येते. मूर्ती मधल्या भागात, खाली बसवा. उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपलीकडे तापतो, साधा दुहेरी टेप तिथे सुटतो.

सातासमुद्रापार
अव्यवहार्य ॲक्सेसरीचा मुकुट १९५६ च्या ‘हायवे हाय-फाय’ ला. क्रायस्लरने गाडीच्या डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला होता. सात इंची खास तबकड्या, मिनिटाला १६⅔ फेरे, एका बाजूला पाऊण तास संगीत. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून सुईचा दाब जास्त, आणि छोट्या तबकडीवर जास्त संगीत मावावं म्हणून वेग कमी आणि खाचा बारीक. पण तबकड्या एकाच कंपनीच्या, घरच्या प्लेअरच्या चालत नाहीत आणि निवड तुटपुंजी. लोकांनी पाठ फिरवली.

नवी_चाकं
म्हणजे खड्ड्यात सुई टिकत होती, गाणीच नव्हती? वाईट वाटलं ऐकून.

भोंगाप्रेमी
मूळ मुद्द्यावर येतो. हंसध्वनी, सहा भोंपू. गाड्या वेगळ्या असल्यामुळे प्रत्येकाला भाता शक्य नाही, म्हणून फुगेच ठेवतोय. १२ मीटरचं अर्धवर्तुळ, झेंडा मध्ये, ३० फेऱ्यांची डफली. अजून दोन शंका. गडकरींची कल्पना, वाद्याचा आवाज हॉर्न म्हणून, ती का अवघड आहे? आणि गाड्यांचा क्रम?

काळी_चार
पहिली शंका. हॉर्नचं काम बंद काचेतून, रहदारीतून आरपार जाणं आणि कुठून आला ते कळणं. त्यासाठी आवाजात एकाच वेळी खूप कंप्रता लागतात, त्याही २००० ते ४००० च्या पट्ट्यात, जिथे कान सर्वांत तीक्ष्ण आहे. बासरीच्या स्वच्छ सुराची दिशा चटकन कळत नाही. तबल्याचा बोल क्षणात विरतो, गाडीतल्या माणसाने मान वळवेपर्यंत संपलेला असतो. पेटी त्यातल्या त्यात चालेल, कारण तिचा आवाज भोंप्याचाच भाऊबंद आहे.

दुसरी शंका. स्वर ओळीने लावू नका. सर्वांत जास्त सा आणि प लागतील, ते दोन्ही मध्यभागी, झेंड्यासमोर, पक्क्या हाताच्या माणसांकडे. टोकांना नि आणि तार सा, उतरताना आवाज एका टोकाकडून दुसऱ्याकडे धावतो. रे आणि ग उरलेल्या दोन जागी. ग चे दोन भोंपू करा, नळी_आणि_झडप म्हणाले तसे. वाजवणाऱ्या प्रत्येकाला कानात घालायचे फोमचे बोळे द्या, भोंपू आरशाजवळ असेल तर तोंड खिडकीकडे नको, पुढे. आणि फुगे आदल्या दिवशी उन्हात ठेवू नका. रबर नरम पडलं की दाब बदलतो, सकाळी ७ वाजता लावलेला ग १२ वाजता वेगळाच निघेल. मैफल सकाळची ठेवा, ८ ते ९.

भोंगाप्रेमी
सातवा भोंपूही घेतो मग. कानसेला या शनिवारी सुरुवात, आधी प पासून. प आणि सा चं गुणोत्तर कानाला लगेच कळतं.

काळी_चार
आधी सा. बाकी सगळे त्याच्यावरून.